आबांचं उचललेलं चाक

धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. दीड महिन्यापूर्वी, दुसऱ्या तासाला, शिपाई वर्गाच्या दारात आला आणि नुसताच उभा राहिला. मी त्याच्यावर खेकसलेसुद्धा. मग म्हणाला, "मॅडम, घरून फोन आहे... साहेबांचा." साहेब म्हणजे माझा नवरा, आणि तो शाळेच्या फोनवर कधी फोन करत नाही. तेवढ्यानंच कळलं. माझे वडील, आबा, सकाळचा चहा पिऊन पुन्हा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. त्यांचा कप मीच विसळून शाळेत आले होते.

भेटायला शिरपूरकडून माणसं आली. समोरच्या खोलीत बसली की त्यांची नजर टेबलाला आवळलेल्या स्टिअरिंगवर जायची. "हाई काय शे?" हे काय आहे, असं अहिराणीत विचारायची. मी सांगायचे, आबांचा गेम. सत्तरी ओलांडलेला ट्रक ड्रायव्हर गेम खेळत होता, हे कोणाला पटेना, आणि समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. ते आज सांगते.

आबांनी पस्तीस वर्षं ट्रक चालवला. शिरपूरच्या कापसाच्या गाठी, रावेरची केळी, परतीला मिळेल तो माल. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय ओढायला लागले, लायसन्स कपाटात गेलं. आई नाही, म्हणून मी त्यांना धुळ्याला आणलं. माणूस भलता भांडखोर. भाजीत मीठ कमी पडलं तरी तासभर पुरेल एवढं भांडण करायचे. ते भांडणच बंद झालं, तेव्हा मात्र मी घाबरले. एका माजी विद्यार्थ्याकडून जुनं गेमचं स्टिअरिंग आणलं, संगणकावर ट्रकचा सिम्युलेटर टाकून घेतला. वाटलं, बसतील, अर्धा तास रमतील.

कसचं काय! गाडी हातात मिळायच्या आधीच गेमनं विचारलं, लिफ्ट एक्सल कोणता हवा? झालं, चार दिवस आबा तिथून हलले नाहीत. लिफ्ट एक्सल म्हणजे गाडी रिकामी असली की टायर झिजू नयेत म्हणून वर उचलता येणारी चाकं. इंग्रजी मी वाचून दाखवायचे : एक प्रकार इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या, म्हणजे गाडीला जोर लावणाऱ्या चाकांच्या पुढे बसणारा, दुसरा त्यांच्या मागे, तिसरा मागेच, पण वळणावर स्वतःही वळणारा. "माल काय शे?" आबांनी विचारलं. "ते गेम नंतर सांगतो, आबा." "आधी माल, मंग गाडी. हाई तं उलटं शे." मला वाटलं आता चिडून उठतील, तर त्यांनी माझी फूटपट्टी मागितली. बाटल्यांच्या तीन झाकणांवर ती आडवी टेकवली, एक झाकण पुढे, दोन मागे, आणि मागच्या दोन झाकणांच्या मधोमध साबणाची वडी ठेवली. मग सगळ्यात मागचं झाकण काढून घेतलं. पट्टीचं पुढचं टोक वर उचललं गेलं. "देख, मागलं उचलं का पुढलं हलकं व्हस. स्टिअरिंग हातमा ऱ्हास, पन चाक रस्ता धरस नही." तरफ मी दरवर्षी शिकवते. इतकी चांगली मला कधी शिकवता आली नाही.

पाचव्या दिवशी मला पेपर तपासायचे होते आणि आबांचं अजून "पुढला का मागला" चालूच होतं. माझं डोकं फिरलं. "आबा, पुढचा घ्या नाहीतर मागचा घ्या! खेळ आहे, कोणी मरत नाही!" असं म्हणून मीच माऊस ओढला आणि मागचा निवडून टाकला. आबांनी पडद्यावरच्या मागच्या एक्सलवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हिंमत मरना ना, बेटा..."

हिंमतकाका आबांचे जोडीदार. दोघं पाळीपाळीनं एकच ट्रक चालवायचे. मी शाळेत शिकत असताना ते घाटातल्या अपघातात गेले. आमच्या घरी त्याबद्दल 'ब्रेक लागले नाहीत' एवढंच बोललं जायचं. उरलेलं आबांनी त्या दिवशी सांगितलं. गोदामाच्या आवारात चिखल होता, भरलेल्या गाडीची चाकं जागीच फिरत होती. आबांनी मागचा एक्सल उचलला. वजन जोर लावणाऱ्या चाकांवर आलं आणि गाडी निघाली. सगळेच ड्रायव्हर असं करायचे. फाटकाबाहेर त्यांनी स्टिअरिंग हिंमतकाकांना दिलं आणि स्वतः केबिनमधल्या फळीवर झोपले. चाक वर आहे, हे सांगायचं राहून गेलं. घाटातल्या वळणावर गाडी वळलीच नाही. "मी झोपेल व्हतू," आबा म्हणाले. "उठनू तवय तो नव्हता."

चाक खाली असतं तर हिंमत वाचला असता का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि मी चिडून निवडली होती ती नेमकी त्यांच्या त्या ट्रकसारखी, मागचा एक्सल उचलणारी गाडी होती. त्यानंतर महिनाभर रोज दुपारी आबा गेममधला एकच घाट उतरायचे. गाडी भरलेली, मागचं चाक वर. मग तीच गाडी चाक खाली करून. मग पुढचा एक्सल उचलणारी दुसरी गाडी. तिन्ही वेळा गाडी सुखरूप खाली यायची, चाक वर असलं तरी; म्हणजे चूक त्या चाकाची नसेलही. आबांच्या चेहऱ्यावर तजेला दिसायला लागला. एक पोळी जास्त मागायला लागले, मिठावरून पुन्हा भांडायला लागले. मी मनातल्या मनात त्या विद्यार्थ्याला दुवा देत होते.

एका संध्याकाळी त्यांनी मला शेजारी बसवलं. "पोरी, तू विज्ञाननी मास्तरीन शे. हाऊ गेम खरं सांगस का?"

काय विचारतायत ते मला पक्कं ठाऊक होतं. हो म्हणायला एक श्वास लागला असता. मी म्हणाले, "नाही, आबा. इतकं बारीक गणित त्यात नसतं. खेळणाऱ्याला सोपं जावं म्हणून गाडी सावरून घेतात." आबांनी मान हलवली. "तू खरं सांगं, बरं करं." खरं सांगितलंस ते बरं केलंस, एवढं म्हणून संगणक बंद करायला लावला, आणि पुन्हा कधी त्या खुर्चीत बसले नाहीत. तीन आठवड्यांनी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, याचा त्याचा संबंध नाही. नवरा म्हणतो, तू खोटं बोलली असतीस तर त्यांनी ओळखलं असतं. ओळखलं असतं तर ओळखलं असतं! निदान मुलीला आपल्यासाठी खोटं बोलावंसं वाटलं, एवढं तरी त्यांच्याजवळ राहिलं असतं. वर्गात मुलांना खरं बोला म्हणायचं हल्ली मी टाळते.

स्टिअरिंग त्या विद्यार्थ्याला परत द्यायचं ठरवलं आणि परवा त्याआधी एकदा गेम उघडला. गाडी घाटमाथ्यावर उभी होती. भरलेली, मागचं चाक वर. आबांनी तशीच सोडलेली. कोणतं बटण, ते मला त्यांनीच दाखवलं होतं. दाबलं. हवा सुटल्यासारखा आवाज झाला आणि चाक हळूहळू खाली येऊन रस्त्याला टेकलं.

"चाक खाली केलंय, आबा," मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले. "आता झोपा."