साहेबांचा माणूस

आमचे साहेब सात पावलं चालायचे आणि वळायचे. पनवेलच्या त्या इमारतीची गच्ची चांगली ऐसपैस होती, पण सातव्या पावलाला समोर भिंत असल्यासारखे ते थांबत. विद्यार्थी असताना लष्करी राजवटीविरुद्ध भाषण केलं म्हणून त्यांनी दोन वर्षं कोठडीत काढली होती. कोठडी सात पावलांची. "बाकीचं विसरलो," ते कोरियन भाषेत म्हणायचे, "पाय विसरत नाहीत."

तुमच्यापैकी कुणी त्यांना एसटी स्टँडजवळ फळं घेताना पाहिलंही असेल. पांढरे केस, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि मागे पिशवी धरून मी. कोरियातले हे जुने पुढारी चारदा निवडून आले, दोनदा पडले, एकदा मंत्री झाले. न्हावा शेवा बंदरातून माल हलवणाऱ्या एका कोरियन कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून इथे आणून ठेवलं होतं. त्यांना कुणी सल्ला विचारल्याचं मात्र मला आठवत नाही.

मी त्या कंपनीत दुभाष्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. मंत्री राहिलेला माणूस मला शेजारच्या खुर्चीवर बसवतो, याचंच मला अप्रूप होतं. ते अप्रूप मी नाकारत नाही.

माझ्या बहिणीच्या हळदीला ते गावात आले. मांडवात मांडी घालून बसले आणि तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण घाम पुसत जेवले. मामा समोरच बसला होता.

"इचार रं त्यांना, निवडनुकीत पडल्यावर काय करायचं ते?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या तोंडाशी उभा राहायचो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे कमरेत वाकून आभार मानायचो."

"आमचा तं पडल्यावर फोन पन नाय उचलत," मामा म्हणाला. "यांना हितंच उभा करा."

सगळा मांडव हसला. निघताना साहेब माझ्या आईपुढे कमरेत वाकले. आईपुढे आजवर कुणी वाकलं नव्हतं. तिने घाईघाईने पदर सावरला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे त्यांचा डबा द्यायला लागली.

रोज सकाळी अकराच्या सुमारास साहेबांचा फोन वाजायचा. ते पडद्याकडे बघायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे.

"मीटिंगमध्ये आहेत म्हण."

पलीकडे एक बाई असायची. तिचा नवरा एकतीस वर्षं साहेबांचा सचिव होता. एका ठेक्यातल्या लाचेच्या चौकशीत तो तिकडे अटकेत होता, आणि सगळं मीच केलं, असं सांगत होता. साहेबांनी परत येऊन खरं काय ते बोलावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी उत्तम, आदरार्थी कोरियन भाषेत सांगायचो की साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब तेव्हा माझ्यासमोर सफरचंद सोलत बसलेले असायचे. पहिली फोड नेहमी मला द्यायचे. मी ती खायचो.

एके दिवशी तिने नवऱ्याचा विषयच काढला नाही.

"तुम्ही त्यांच्याकडे किती दिवस आहात?"

"आठ महिने."

"फळ सोलून पहिली फोड देतात का?"

माझ्या तोंडात फोड होती.

"माझ्या नवऱ्यालाही द्यायचे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. अकरा वाजले की आम्ही दोघंही टेबलावरच्या फोनकडे बघायचो.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. ज्या महिन्यात तिकडे तो ठेका ठरला, त्या महिन्यात साहेब पनवेलला अंथरुणाला खिळून होते आणि मी त्यांची सेवा करत होतो, असं त्यात लिहिलं होतं. खरं तर तोवर मी साहेबांना पाहिलेलंही नव्हतं.

"सही कर. तू तर घरचाच."

मी पेनाचं टोपण काढलं. मी जरासुद्धा थांबलो नाही, हे इथे लिहायलाच हवं. साहेब माझ्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांनी कागद ओढून घेतला.

"तोही असाच चटकन सही करायचा," ते म्हणाले. "नको. तू अजून लहान आहेस."

त्यांनी कागद फाडला नाही. नीट घडी घालून खिशात ठेवला. चारच दिवसांनी ते मायदेशी गेले. विमानतळावर त्यांनी मला बॅग उचलू दिली नाही. मला वाटलं, आता ते खरं बोलतील. मनावरचा मोठा भार उतरला.

रविवारी घरी मोबाइलवर त्यांना पाहिलं. सरकारी इमारतीच्या पायऱ्या, समोर माइकांची गर्दी. कुणीतरी सचिवाबद्दल विचारलं. साहेब आधी कमरेत वाकले. मग शांतपणे म्हणाले, "त्या माणसाने माझ्या नावावर काय काय केलं, ते मला आजच कळतंय."

चुलीजवळून आईने मान वर केली. कोरियन कळणारा घरात मी एकटाच.

"सायेब ना रं ते? काय बोलतान?"

"बरा हाय, बोलतान," मी म्हणालो. "तुजी आठवन काढली."

या वेळी तसं म्हणायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मानूस चांगला हाय," आई म्हणाली आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.