पाव आणायला जाते

नेलिदा आमच्या टेकडीवरच्या तीन शाळांना मिळून एकच. कागदोपत्री ती मानसशास्त्रज्ञ. मुलांसाठी ‘दुधाच्या खोलीतल्या मिस’, कारण न्याहारीच्या दुधाचे डबे रचलेल्या खोलीतच तिच्या दोन बुटक्या खुर्च्या. खिडकी नाही. लिमा शहराचं धुकं थंडीत भिंतीतूनसुद्धा आत येतं. खाली बाजारात तिची आई अजून गाडीवर जवाचा गरम काढा विकते. नेलिदा त्या गाडीमागे बसूनच शिकली आणि शिकून पुन्हा इथंच आली.

“एवढं शिकून इथंच खस्ता खायच्या होत्या, तर गाडीवर बसायचंस,” मी म्हणायचे.

“तिथं आई बसलीय ना. लोकांची दुःखं ती माझ्यापेक्षा बरी ऐकते.”

हसायची, पण डोळे कायम जागरण झाल्यासारखे. एका शाळेतलं पोर दिसेल त्याला मारतंय, दुसऱ्या शाळेतलं नुसतंच भिंतीकडे बघतंय, आणि मुख्याध्यापकांना सगळी पोरं सोमवारपर्यंत बरी करून हवीत.

मी रोसाउरा, पहिलीची बाई. मार्चमध्ये शाळा उघडली तेव्हा शेय्ला माझ्या वर्गात आली, म्हणजे नावापुरतीच. बसायची फाटकाजवळच्या पायरीवर. आत आणलं तर गुपचूप यायची. माझी पाठ वळली की पुन्हा पायरीवर. बोलायची नाही, रडायची नाही. दूध प्यायची, पण पावाला हात लावायची नाही. मुख्याध्यापक म्हणाले, “अशीच राहिली तर हिला इथं ठेवता येणार नाही.” दुसरी शाळा कुठली, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नेलिदाने तिच्या आजीला, दोन्या एउसेबियाला, बोलावलं.

“हिची आई कुठाय?”

“चिलीला. लोकांची धुणीभांडी करते.”

“जाताना हिला काय सांगितलं?”

“पाव आणायला जाते म्हणाली. सगळ्याच असं सांगतात, सेन्योरिता. पोर रडायला लागलं तर आईचा पाय निघेल का?”

खरंच आहे. आमच्याकडे याला कुणी खोटं म्हणत नाही. माझी आईही असंच सांगून जायची.

“हिला भीती बसलीय,” आजी म्हणाली. “ती उतरावी म्हणून मी अंगावरून अंडं फिरवलं.”

“फिरवा की. माझ्या आईनंही माझ्यावरून फिरवलंय. पण आई कुठं गेली, तेही खरं सांगा.”

आजीने सांगितलं. आईने फोनवर रडत रडत सांगितलं. शेय्लाने ऐकून घेतलं आणि पायरीवर जाऊन बसली. एकदा फसलेलं पोर ते, नुसत्या बोलण्यावर कसं विसंबणार?

मग नेलिदा कुठंही निघाली की तिला सांगून जायला लागली. “पाणी प्यायला चालले, येते.” “आज वरच्या शाळेत चालले, उद्या येते.” आणि म्हटल्याप्रमाणे यायची. एकदा ताप अंगावर घेऊन आली.

“आता शिंकायलाही तिची परवानगी घे,” मी चिडवलं.

पण ऑगस्टमध्ये शेय्ला पायरीवरून दुधाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. पुढे वर्गात बसायला लागली, दाराजवळच्या बाकावर. बोलत नव्हती, पण बसत होती. तेवढ्यावरही मी खूश होते.

आणि ऑक्टोबरमध्ये वरून हुकूम आला. नेलिदाची बदली, सोमवारपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिच्या जागी कुणी नाही.

ती डब्यांवर बसून राहिली. “थकले गं मी. आता तिला रडवायचं त्राण नाही माझ्यात.”

“मग सांगूच नकोस. उद्या येते म्हण आणि जा. पोरं विसरतात.”

“त्यापेक्षा पाव आणायला जाते म्हणू का?”

हुकूम काढणाऱ्यांचा मला असा संताप आला होता, की मी काय बोलले हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शुक्रवारी नेलिदा शेय्लासमोर खाली बसली. “शेय्ला, मला दुसरीकडे पाठवलंय. तुझी काही चूक नाही. सोमवारी मी येणार नाही. आज ‘उद्या येते’ म्हणणार नाही मी.”

शेय्ला तिच्या हाताला कडकडून चावली आणि रडायला लागली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मुख्याध्यापक धावत आले. “हा कसला उपचार?”

“हाच,” नेलिदा म्हणाली. हात तिने सोडवून घेतला नाही. शाळा सुटेपर्यंत पोर तिच्या मांडीवर रडत होती. मग मी आणि शेय्ला नेलिदाला पोचवायला फाटकापर्यंत गेलो. टेकडी उतरणाऱ्या पिवळ्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती थांबून हात करायची. शेवटच्या वळणानंतर दिसेनाशी झाली.

सोमवारी मी आधी पायरीकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. शेय्ला वर्गात होती, डोळे सुजलेले. न्याहारीच्या वेळी मी उठले, तेव्हा कुणीतरी माझा झगा धरला.

“मिस, कुठं चाललात?”

तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. बारीक, जरा घोगरा.

“दूध आणायला.”

“खरंच?”

“खरंच. येते.”

आणि या दुखऱ्या गुडघ्यांनी मी धावत गेले आणि धावतच परत आले.