मिस्त्रीच्या उंचीची घरं

"माहं डोस्कं लागत नाही, म्हंजे कोनाचंच लागत नाही," असं म्हणून मिस्त्री छपराच्या लाकडाखाली ताठ उभे राहायचे आणि टाळूवर तळहात आडवा ठेवायचे. तळहात आणि लाकूड यांच्यात चार बोटं जागा उरली की माप पक्कं. मिस्त्रींची उंची पाच फुटांहून थोडी कमी होती.

सौंदडच्या आसपास जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरांत माळ्याच्या खोल्या काढण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. त्या घरांतली माणसं तुम्ही सहज ओळखाल. मोकळ्या रस्त्यावरही ती मान खाली घालून चालतात. एका माजी सरपंचांच्या कपाळावर कायमचं टेंगूळ आहे; गाव त्याला पदाची खूण समजतं. तक्रार केली तर मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असे: घरात वाकून राहावं, मान वर करायला बाहेर आभाळ आहे.

आमचं घर दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं. मागे स्वयंपाकघर वाढवायचं आणि धानाची पोती ठेवायचो त्या माळ्याची राहायची खोली करायची, असं ठरलं. माझी बायको गावच्या शाळेत शिक्षिका. तिची अट एकच होती. माळ्यावर ताठ उभं राहता आलं तर ती इथे राहील. नाहीतर गोंदियात खोली घेईल आणि रोज रेल्वेने ये-जा करेल. तिची उंची पाच फूट आठ इंच. अट ऐकून मिस्त्री तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले, खालून वर.

ते नकाशा काढत नसत. अंगणात राखेने खोल्या आखायचे आणि घरच्यांना एक दिवस त्यात राहायला लावायचे. आम्ही राखेच्या स्वयंपाकघरात स्टोव्ह मांडला, तिथेच जेवलो. शेजारची बाई कोथिंबीर मागायला सरळ आत आली, तर मिस्त्रींनी तिला अडवलं.

"भितीतून काऊन येऊन राहिली बाई? दार तिकडं आहे."

ती मुकाट्याने वळसा घालून दारातून आली. कोथिंबीर मिळाल्यावर मात्र भिंतीतूनच गेली.

माळ्याचं छप्पर कळावं म्हणून त्यांनी दोन बांबू तिरपे बांधले आणि खाली उभं राहून आपली टाळू मोजली. चार बोटं. मग बायको उभी राहिली. बांबू तिच्या भुवईला लागला.

"वाकून चाला ना, मॅडम."

"दिवसभर पोरांना सांगते, ताठ बसा. आणि घरी येऊन मी वाकू?"

छप्पर उचललं तर जुन्या भिंती सोसणार नाहीत, हे मिस्त्रींनी आधीच सांगून टाकलं होतं. ते राखेच्या भिंतीवर बसले, सावकाश विडी ओढली आणि माझ्याकडे वळले. तुम्ही दिवसातून किती वेळ घरी असता, असं त्यांनी विचारलं. मी वार्ताहर, फार नाही, म्हणालो.

"मंग माळ्याची जमीनच खाली घेतो. घरात एकाले तं वाकावंच लागते, भाऊ."

माळा वीतभर खाली आला. खालची खोली आधीच ठेंगणी होती. आता बायको वर ताठ उभी राहून वह्या तपासते आणि मी खाली, आपल्याच घरात, चोरासारखा वाकून चहा आणतो. तिने गोंदियाचं नाव पुन्हा काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री वारले. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो. अंगणात वीसेक माणसं होती, बहुतेक त्यांनी माळे करून दिलेली. घराचं दार चांगलं सात फूट उंच. असं दार त्यांनी दुसऱ्या कुणाला दिल्याचं मला माहीत नाही. आत त्यांची बायको उभी होती. ती जवळजवळ माझ्या बायकोएवढी उंच होती.

माजी सरपंच पुढे होते. ते दाराशी आले, वाकले आणि आत शिरले. त्यांच्यामागे आम्ही सगळेच वाकून शिरलो.