फ्रिजजवळची चप्पल

अख्खी गल्ली या वायरमनला टेस्टर म्हणते, कारण लग्नाच्या फोटोतसुद्धा याच्या खिशातून टेस्टर डोकावतोय. गिऱ्हाइकाकडे अर्थिंग नसेल तर हा बोर्डाला हात लावत नाही, वर भाषण ऐकवतो ते वेगळंच. आणि स्वतःच्या घरी? वडिलांच्या वेळचे दोन भोकांचे पॉइंट, अर्थिंगचा पत्ता नाही. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या. म्हणून तो लहान असतानाच आईनं दंडक घातला: फ्रिजजवळ रबरी चप्पल ठेवायची, ती घातल्याशिवाय दार उघडायचं नाही. हे घरात इतकं अंगवळणी पडलं की 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणता म्हणता हा पठ्ठ्या पन्नाशीला टेकला.

मग आई विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारीण, मग हा. जन्मभर ज्याला ढब्या म्हणून हाका मारल्या, त्यालाच आता मिस्त्री म्हणते, अहो-जाहो करते. तो हसण्यावारी न्यायचा. करतो काय बिचारा!

त्या दिवशी कामाला निघताना त्यानं सहज मागे पाहिलं. फरशी नुकतीच पुसलेली, आई अनवाणी, हात फ्रिजच्या मुठीवर. हात झटक्यानं मागे आला. काहीतरी चावलं म्हणत ती बोटं चोळत राहिली.

फ्रिज बंद करून त्यानं तिचं इन्सुलिन शेजारणीकडे ठेवलं आणि गिऱ्हाइकाकडे गेला, पण मन कुठलं थाऱ्यावर! स्विच उलटा बसवला. पक्कड हातात असून शोधत बसला. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर, तिला कशाकशापासून लांब ठेवणार? काम अर्ध्यावर टाकून तो घरी आला. आलात एकदाचे, म्हणत बायकोनं कुदळ हातात दिली.

मागच्या दारी अर्थिंगसाठी खड्डा खणला. तांब्याची प्लेट पुरली, भोवती मीठ-कोळसा घातला. तिथून हिरवी वायर भिंतीभिंतीनं घरभर फिरवली, जुने पॉइंट उखडून तीन भोकांचे बसवले. आई खुर्चीत बसून मिस्त्रीचं काम बघत होती. मीटर सगळं ठीक दाखवत होता. यानं पुन्हा तपासलं, मग परत एकदा. तरी जिवाला चैन नाही. शेवटी चपला काढल्या, फ्रिजसमोर अनवाणी उभा राहिला आणि मुठीकडे हात नेला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर यानंच त्याला झापलं असतं.

मागून आवाज आला.

"ढब्या, आधी चप्पल घाल."

हात तिथेच थांबला. आता गरज नाही गं, सांगायला तो वळला. आई खुर्चीतून अर्धी उठली होती, घाबरलेली, आणि थेट त्याच्याकडेच बघत होती. त्यानं निमूटपणे रबरी चप्पल पायात सरकवली, तिला दिसेल अशी, आणि मग दार उघडलं. काही झालं नाही.

आई पुन्हा टेकून बसली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "चहा घेऊनच जा हं."