केल्सो, ड्रमंड आणि आर्डिसची भिंत

आर्डिस टोलेफसनला राग आला की ती बोलणं थांबवते आणि नट-बोल्टाचे पाने पुसायला घेते. एप्रिलमधल्या त्या सोमवारी दहा वाजेपर्यंत तिचे गॅरेजमधले सगळे पाने पुसून झाले होते, आणि ती पुन्हा पहिल्यापासून पुसू लागली होती.

समोर केल्सो कंपनीची गाडी उभी होती. गावच्या आगपथकाची मोठी पिकअप, मागे पाण्याची टाकी आणि पंप, डाव्या अंगाचा रंग भाजून पोपडे सुटलेला. नऊ दिवसांपूर्वी गावाबाहेरच्या कुरणाला आग लागली, तेव्हा वारा सुटलेला असताना ऐन धुरात ही गाडी बंद पडली. चालवत होता आर्डिसचा धाकटा भाऊ मायलो. त्याने तीनदा किल्ली फिरवली. मग खाली उडी मारून मागे पाइप धरून उभ्या असलेल्या सोबत्याला खेचून काढलं, आणि त्या झटापटीत तापलेल्या लोखंडी कठड्याला त्याचे दोन्ही हात चिकटले. सोबती सुखरूप राहिला. मायलोचे हात मनगटापर्यंत पट्ट्यांनी बांधून ठेवले होते आणि त्याला जेवण भरवायला बहीण लागत होती.

ही केल्सो सात वर्षांपूर्वी घेतली होती ती आर्डिसच्या शब्दावर. संतापाचं कारण एवढंच होतं, आणि एवढं पुरेसं होतं.

आर्डिसच्या शब्दाला ट्रेस्क गावात किंमत का होती, ते तिच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं की कळायचं. नॉर्थ डकोटाच्या पश्चिमेला, जिथे एका शेतावरून दुसऱ्या शेताचं घर ठिपक्याएवढं दिसतं, तिथे पिकअप बंद पडणं ही गंमत नसते. बापाची पाठ गेली तेव्हा तेविसाव्या वर्षी ही पोरगी गॅरेजमध्ये उभी राहिली. आधी लोक बघायला आले, मग हसायला आले, मग गाड्या घेऊन आले. तिने लग्न केलं नाही. विचारणारे दोघे होते, आणि दोघेही दुसऱ्या कंपनीची ड्रमंड चालवायचे, असं ती स्वतःच सांगायची. मेलेल्या इंजिनातला जो भाग दगा देऊन गेला असेल तो ती पुसून त्या भिंतीवर खिळ्याला टांगायची आणि तारेने चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तीन गोष्टी असत: मालकाचं नाव, गाडी, किती मैल चालली. एक्केचाळीस वर्षांत ड्रमंडचे चौऱ्याहत्तर भाग टांगले गेले आणि केल्सोचे तेवीस. ड्रमंड घ्यायला निघालेल्या माणसाला ती काही बोलायची नाही, नुसतं हनुवटीने भिंतीकडे दाखवायची. निम्मी माणसं तिथूनच परत फिरायची.

गुरुवारी पाच वाजता पथकाची बैठक होती. नवी गाडी कोणती घ्यायची ते ठरायचं होतं.

त्या सोमवारी सकाळी ती धान्याच्या कोठारावर कॉफीला गेली होती. तिथे रोज म्हातारे फासे टाकतात आणि हरेल त्याने सगळ्यांची कॉफी पाजायची. बाहेर नेहमीसारख्या डझनभर पिकअप ओळीने उभ्या होत्या, इंजिन चालू, आत कोणी नाही. आमच्याकडे नोव्हेंबरात गाडी चालू करतात ती मार्चात बंद करतात, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो, आणि त्यात थापेचा भाग वाटतो तितका नाही. उणे तीस अंशांत बंद झालेली गाडी पुन्हा चालू होईल याची खात्री कोण देणार? मग ती सवय एप्रिलातही सुटत नाही, मे महिन्यातही सुटत नाही.

रॉडनी ब्रेके फासे खुळखुळवत होता. तो जिल्ह्याच्या गावी ड्रमंड विकतो, आणि आठवड्यातून दोनदा इथे येऊन फुकटची कॉफी जिंकतो.

"एक्केचाळीस हजार मैलांत मेली तुझी केल्सो, आर्डिस," तो म्हणाला. "माझ्या आईची ड्रमंड एवढ्या मैलांवर अजून नव्यासारखा वास मारते."

"तुझी आई चर्चला जाते. आगीत जात नाही."

"गेली तरी परत येईल. तेवढं मी छातीठोक सांगतो."

टेबलाभोवती कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या कपात बघत राहिले, आणि आर्डिसला कळलं की ही माणसं तिला सांभाळून घेतायत. एक्केचाळीस वर्षांत तिची कोणी कीव केली नव्हती. तिने कॉफी तशीच टाकली आणि निघून आली.

पाने दुसऱ्यांदा पुसून झाल्यावर तिने केल्सोचं इंजिन उघडायला घेतलं. मायलो स्टुलावर बसून होता, बांधलेले हात मांडीवर ठेवून.

"कंपनीचा दोष निघाला तर मी स्वतः जाऊन त्यांच्या दारात हे इंजिन आपटीन," ती म्हणाली.

"आणि नाही निघाला तर?"

"तर कोणाचा तरी निघेलच. आपोआप कुठलं इंजिन मरत नाही."

वरचं झाकण निघालं. आत तेल नव्हतंच म्हणायचं. काळा, दाट चिखल होता, बोटाने खरवडून काढावा लागेल असा. कॅमशाफ्टचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचा, एक उंचवटा घासून सपाट झाला होता. असलं इंजिन तिने पाहिलं होतं, पण दोन-सव्वादोन लाख मैल तुडवलेलं.

"एक्केचाळीस हजारांत हे होत नाही," ती म्हणाली. "कोणीतरी मैलांच्या काट्याशी खेळलंय."

"आर्डिस," मायलो शांतपणे म्हणाला, "तास बघ ना."

"कसले तास?"

"इंजिनाचे. ट्रॅक्टरला बघतेस तसे."

ती गाडीत चढली. किल्ली फिरवून समोरच्या पडद्याचं बटण चार-पाच वेळा दाबलं, तेव्हा तो आकडा आला. सहा हजार आठशे चाळीस तास. उभ्या गाडीचं इंजिन तासभर चाललं म्हणजे ते तेहतीस मैल पळाल्याइतकं झिजतं, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. आर्डिसने तो मनात मांडला. सव्वादोन लाख मैल. गाडी जागेवर उभी राहून सव्वादोन लाख मैल चालली होती.

ती उतरली ती थेट फोनकडे गेली, आणि दहा मिनिटांत पथकाचा प्रमुख कर्टिस व्हॉल गॅरेजमध्ये हजर झाला. अर्थात स्वतःची पिकअप दारात चालू ठेवून.

"सहा हजार आठशे तास," आर्डिस म्हणाली. "सात वर्षांत. ही गाडी तू करत काय होतास, कर्टिस? हिच्यावर कोंबड्या उबवत होतास?"

"हिवाळाभर चालू ठेवायचो. रोज सात-आठ तास. न ठेवून काय करू? पत्र्याची शेड आहे ती, आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. टाकीतलं पाणी गोठलं तर आग काय थुंकून विझवू?"

"आणि तेल?"

"तेल तू बदलायचीस." कर्टिसने केल्सोच्या पुढच्या काचेकडे बोट दाखवलं. "दर पाच हजार मैलांनी. त्यावर लिहिलेलं वाचून आणायचो मी गाडी. एक दिवस उशीर केला असेन तर सांग."

काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेली चिठ्ठी होती. पुढचं तेल पंचेचाळीस हजार मैलांवर. अक्षर आर्डिसचं होतं.

सांगताना मलाच राग येतो. हीच बाई, हीच माणसं, ट्रॅक्टरचं तेल तासांवर बदलतात. अडीचशे तास झाले की ट्रॅक्टर दारात आणून लावतात, नांगरट अर्धी राहिली तरी चालेल. आणि त्याच अंगणात, त्याच थंडीत, तसंच उभ्याने धडधडणाऱ्या पिकअपला मैल लावतात, कारण पिकअप ही पळायची वस्तू आहे असं डोक्यात बसलंय. इतकी साधी चूक, आणि ती करायला अख्खा जिल्हा लागला.

"निदान शेड तरी गरम करून घ्यायची होतीस," आर्डिस म्हणाली. आवाज आता मघाचा नव्हता.

कर्टिसने मायलोकडे पाहिलं. मायलो जमिनीकडे बघत होता.

"मी नाही, हा म्हणाला होता," कर्टिस म्हणाला. "सात वर्षांपूर्वी, त्या बैठकीत. तुला आठवत नाही? हा म्हणाला, गाडी कुठलीही घ्या, पण आधी शेडला शेगडी बसवा. आणि तू उठून म्हणालीस, जिला झोपायला गरम खोली लागते ती पिकअप नव्हे, ती नवरी. सगळे पोट धरून हसलो आपण. शेगडीचा विषय तिथेच मेला."

आर्डिसला आठवलं. टाळी मिळाली होती तेही आठवलं.

कर्टिस गेल्यावर ती भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. मग एकेक चिठ्ठी हातात घेऊन वाचायला लागली. ड्रमंड, तेलविहिरीवरची कंपनी. ड्रमंड, तेलविहिरीवरची कंपनी. ड्रमंड, पाइपलाइनवाले. चौऱ्याहत्तरांतल्या साठ गाड्या विहिरींवर राबणाऱ्यांच्या, कारण रॉडनीच्या बापापासून ते घराणं त्या कंपन्यांना घाऊक गाड्या विकत आलं होतं. आणि विहिरीवरची पिकअप दिवसभर उभ्या जागी चालू असते, माणसं पाळीपाळीने आत येऊन हात शेकतात. केल्सोच्या चिठ्ठ्यांवर शेतकऱ्यांची नावं होती. घरी जाऊन किल्ली बंद करून, इंजिन गरम ठेवायची विजेची वायर गाडीच्या नाकात खुपसणारी चिकट माणसं. भिंत गाड्यांबद्दल काही सांगतच नव्हती. कोण किती वेळ हात शेकत बसलं, तेवढंच सांगत होती. सत्त्याण्णव चिठ्ठ्या, आणि तास एकीवरही नाही.

"तुला माहीत होतं," ती मायलोला म्हणाली.

"शंका होती."

"मग बोलला का नाहीस? सात वर्षं?"

"तुझ्याशी?" मायलो म्हणाला. "तू हनुवटीने भिंत दाखवली असतीस."

राग काढायलाही आता कोणी उरलं नव्हतं. तिने पुन्हा पाने पुसायला घेतले, पण एका पान्यानंतर फडकं फेकून दिलं.

गुरुवारी पाच वाजता, ऊन अजून चांगलं कडक असताना, कोठाराच्या खोलीत सगळे जमले. आर्डिसने सपाट झालेला कॅमशाफ्ट टेबलावर ठेवला. फासे ठेवतात तिथेच. शेजारी बुटांचं खोकं ठेवलं. त्यात भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या.

ती कागद न घेता बोलली. तास सांगितले, तेल सांगितलं, काचेवरचं अक्षर आपलं होतं तेही सांगितलं. विहिरीवरच्या गाड्यांचं सांगितलं. रॉडनी खुर्चीत पुढे सरकत चालला होता.

"म्हणजे ड्रमंड जास्त टिकते, असं म्हणतेस तू," तो म्हणाला.

"नाही."

"मग केल्सो?"

"मला माहीत नाही," आर्डिस म्हणाली. "एक्केचाळीस वर्षांनी मला इतकंच सांगता येतंय. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, आणि तू तर विकतोस."

रॉडनी खुर्चीत मागे सरकला.

"सात वर्षांपूर्वी माझा भाऊ या खोलीत खरं बोलला होता. मी त्याची चेष्टा केली आणि तुम्ही हसलात. त्याचे हात केल्सोने भाजले नाहीत. त्या हशाने भाजले. मी हसवलं, म्हणून आधी माझं नाव लिहा. आता मायलो काय म्हणतो ते ऐका, आणि कोणी हसलंत तर हा कॅमशाफ्ट बघून ठेवा, जड आहे."

मायलोला भाषण येत नाही. तो म्हणाला, "आधी शेगडी. गाडी कुठलीही." आणि खाली बसला.

कर्टिसने हात वर करायला सांगितले. मायलोने बांधलेला उजवा हात खांद्यापर्यंत आणला, त्याहून वर जाईना. मग एकेक करून बाकीचे वर आले. रॉडनीला मताचा अधिकार नव्हता, तरी त्याचाही वर आला. शेगडी मंजूर झाली. गाडीचा विषय पुढच्या महिन्यावर गेला आणि कोणी कुरकुर केली नाही.

दार उघडून आर्डिस बाहेर आली, आणि जागच्या जागी थांबली. ओळीने बारा पिकअप उभ्या होत्या. उन्हात, कोटसुद्धा लागणार नाही अशा संध्याकाळी, बाराच्या बारा चालू, आत कोणी नाही. दीड तास आत बसून सगळ्यांनी तिचं ऐकलं होतं.

तिने पहिलीचं दार उघडलं आणि किल्ली काढून घेतली. दुसरीची काढली. आमच्याकडे कोणी गाडीला कुलूप लावत नाही, त्यामुळे काम सोपं होतं. प्रत्येक दार ती धाडकन आपटत होती. मागे दारात माणसं जमली, पण पुढे यायची कोणाची छाती झाली नाही. एकेक इंजिन गप्प होत गेलं, आणि शेवटी वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. मूठभर किल्ल्या घेऊन ती वळली आणि त्या तिने कर्टिसच्या ओंजळीत ओतल्या.

"घ्या," ती म्हणाली. "आता घरी जाताना चालू करा."

वाऱ्याच्या आवाजाखाली अजून एक इंजिन धडधडत होतं.

मायलो ओळीच्या टोकाला, तिच्या स्वतःच्या जुन्या केल्सोजवळ उभा होता. बांधलेल्या हातांनी त्याला दार उघडता येत नव्हतं, म्हणून तो तिची वाट बघत होता.

"अकरा झाल्या, आर्डिस," तो म्हणाला.