आईच्या बोलण्यासाठी दोन जोडण्या

आईला अर्धांगाचा झटका आला, हात-पाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. वाणी-उपचार करणाऱ्या बाई पुण्याच्या. त्या आठवड्यातून तीनदा सकाळी अकराला व्हिडिओ कॉलवर व्यायाम घ्यायच्या. मीही पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी घेऊन शहाद्याजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले होते.

तिसऱ्याच दिवशी व्यायाम चालू असताना नेट गेलं. टॅबच्या पडद्यावर बाई तोंड उघडं ठेवून थिजल्या. आईला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. दादा, म्हणजे माझे वडील, तिच्याजवळ खाली बसले.

"तुन्हा काही दोष नही. लाईन गयी."

ती ऐकेना. त्यानंतर दोन दिवस ती खुर्चीत बसायलाच तयार नव्हती.

दादांनी आयुष्यभर केळीची शेती केली. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. नेट गेलं त्याच संध्याकाळी मला म्हणाले, "बेटा, एक बंद पडनं तं दुसरं चालू पाहिजे. काय लागस ते सांग."

मी सिमकार्डवर चालणारा छोटा राउटर मागवला. सिम दुसऱ्या कंपनीचं घेतलं, म्हणजे दोन्ही एकदम बंद पडणार नाहीत. वीज गेली तरी चालावं म्हणून केबलवरच्या जुन्या मोठ्या राउटरला बॅटरी जोडली. छोट्याला रेंज कुठे मिळते ते दादांनी मोबाईल हातात घेऊन घरभर फिरून शोधलं. देवघराच्या खिडकीत सगळ्यात चांगली होती. तिथे त्यांनी स्वतः फळी ठोकली. मग व्यायामाच्या दिवशी साडेदहालाच दोन्ही जोडण्या तपासायचे आणि मला खूण करायचे, ठीक आहे.

उसाचा हंगाम सुरू झाला. एका सकाळी व्यायाम चालू असताना उसानं भरलेली ट्रॉली दारावरून गेली आणि वर लोंबणारी नेटची केबल तोडून गेली. बाईंचा आवाज तुटला. आईचा हात पदराकडे गेला.

"तू बसेल ऱ्हाय," दादा मला म्हणाले. त्यांनी मला उठू दिलं नाही. स्वतःच टॅबवर दुसरं नेट लावलं. मिनिटभरात बाई परत दिसल्या.

"आई, आपण केळ्यावर होतो ना?" त्यांनी चित्र पुन्हा धरलं. "हे काय आहे?"

आईनं खूप वेळ ओठ हलवले.

"केय."

"छान! आता शेवटी ळ म्हणा. केळं."

"केय," आई पुन्हा म्हणाली, जरा चिडून.

दादा टॅबसमोर वाकले. शाळेत साहेबांशी बोलावं तसं अवघडून म्हणाले, "मॅडम, आमनाकडे केयच म्हणतस. ती बरोबर बोली ऱ्हायनी."

बाईंनी चित्र खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माफ करा आई, चूक माझी. तुमच्याकडचे शब्द मला लिहून द्या, आपण त्याच शब्दांनी शिकू."

त्या दुपारी दादांनी वहीत शब्द लिहायला घेतले. आई शेजारी बसून बोटानं वस्तू दाखवत होती. पानं भरत गेली.

आता आई तुटक का होईना, वाक्यं बोलते. काल मी स्वयंपाकघरात होते. बाहेर ती एकटीच खापर गावच्या माझ्या मावशीला व्हिडिओ कॉल लावून बसली होती. मावशीचं रडणं ऐकू येत होतं, आणि आई तिला सावकाश, एकेक शब्द जुळवत विचारत होती, "जेवनी का तू?"