गिरणीची गाठ

माझ्या वडिलांना, अण्णांना, जगातली एकच गाठ मान्य होती. गिरणीतली. मागावर धागा तुटला की दोन टोकं एकमेकांवर घ्यायची, अंगठ्याखाली दाबायची, एक वेढा, एक ओढ, झालं. ती गाठ इतकी बारीक की चादरीवरून हात फिरवला तरी लागायची नाही. गिरणी कधीच बंद पडली, मशिनी भंगारात गेल्या, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. लेंग्याची नाडी असो नाहीतर टेम्पोवरचा दोर, अण्णा तीच गाठ मारणार. दुसऱ्या कुणी काही बांधलेलं दिसलं की सोडून परत बांधणार.

त्यांच्या अंगठ्याची ख्याती होती. मागावरचा माणूस म्हणायचा, धागा तुटला. अण्णा टोक चिमटीत धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तुटला न्हाय. तुझी गाठ सुटली हाय. खोटं कशाला बोलतोस?" एकदाही चुकले नाहीत, असं ते स्वतःच शंभरदा सांगायचे.

ही गाठ त्यांनी माझ्या भावाला शिकवली. मला नाही. "पोरीला कशाला गाठ? तिची गाठ तर आपणच बांधून द्यायचीय," म्हणून हसायचे. लई विनोदी माणूस! मी आपली बघून बघून शिकले. दादापेक्षा माझी चांगली बसते हे त्यांना दिसत होतं. पण तोंडातून कधी निघालं असेल तर शपथ.

गळ टाकायचा नाद मला लग्नानंतर लागला. नवरा सुट्टीच्या दिवशी हिप्परग्याच्या तळ्यावर जायचा, त्याच्यासोबत मी. पुढं त्याचा नाद सुटला, माझा राहिला. बाईमाणूस गळ घेऊन काठावर बसलं की येणारा-जाणारा थांबून बघतो. बघा म्हणावं, तिकीट नाही. मरळ पकडायला मी गांडूळ लावत नाही, माशी लावते. म्हणजे खोटी माशी. गळाच्या दांडीवर कोंबड्याचं पीस आणि चादरीच्या कारखान्यातलं टाकाऊ लाल-काळं सूत गुंडाळायचं. पाण्यावरून हलकं ओढलं की मरळीला वाटतं काहीतरी जिवंत पळतंय, आणि ती झडप घालते.

माशी बरी जमली, पण गाठीनं मला रडवलं. सुरुवातीला मीही गिरणीचीच गाठ मारायचे. माशीला वीतभर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आधीच बांधून ठेवायचं आणि ते मोठ्या तंगुसाला गिरणीच्या गाठीनं जोडायचं. मासे लागायचे आणि निसटायचे. शेवटी एक दिवस गॅलरीतल्या खुंटीला तंगूस टांगलं, खाली बादली लावली आणि मगानं पाणी ओतत बसले. बादली अर्धी भरते न भरते तोच गाठ सरकली. सूत खरखरीत असतं, ते एकमेकाला धरून बसतं. तंगूस गुळगुळीत, ते कशाला धरतंय? मग मोबाईलवर बघून बघून गाठी मारल्या, सोडल्या, टांगल्या. एक टिकली. टोक गळाच्या नेढ्यातून घालायचं, मूळ तंगुसाभोवती पाच-सहा पीळ द्यायचे, पहिल्या फटीतून मागं काढायचं, थुंकी लावायची आणि सावकाश ओढायचं. बादली काठोकाठ भरली तरी हलली नाही. नवरा म्हणाला, "आता त्याच पाण्यानं गॅलरी धू."

मागच्या वर्षी अण्णांचं अन्न तुटलं. पेज पुढं केली की मान फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या, पण पोटात जाऊ द्या. आणि एका दुपारी अण्णा आपणहून म्हणाले, "मरळीचं कालवण खाईन. तळ्यातली आण, ताजी. बाजारातली नको." अगं बाई, मला रडूच फुटलं. तिथंच त्यांच्या खाटेपाशी बसून माशी बांधायला घेतली.

"बघू," म्हणाले. गाठीवर अंगठा फिरवला. "ही कसली गाठ? गुठळी हाय नुसती."

"अण्णा, तंगुसाला हीच लागते. गिरणीची सरकते."

"माझी सरकती?" म्हणत ते उठूनच बसले. "आख्खी जिंदगी मागावर गेली, एक गाठ सरकली न्हाय माझी!"

"बादली लावून दाखवते की."

"बापाला बादल्या दाखवती!"

दादा म्हणाला, "कशाला त्यांचा जीव जाळतीस?" आणि कात्रीनं माझ्या गाठीच्या वीतभर वर तंगूस कापलं. अण्णांनी ती दोन टोकं आपल्या गाठीनं जोडली. तोंडावर कितीतरी दिवसांनी तरतरी आली होती. म्हटलं, राहू दे, तळ्यावर जाऊन बदलू. तर सकाळी दादा गाडी घेऊन दारात हजर. "अण्णांनी सांगितलंय, गाठ सोडायची न्हाय." डोंबल तुझं! त्याला पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं.

मरळ लागली. चांगली हाताएवढी, काठी कमानीसारखी वाकली. मी ढील देत होते, हळूहळू ओढत होते, आणि एकदम काठी सरळ झाली. तंगूस हलकं हलकं हातात आलं. तुटलेल्या तंगुसाचं टोक सरळ असतं. हे जिलबीसारखं वळलेलं होतं. गाठ सुटली की तंगूस असं वळलेलंच राहतं.

येताना बाजारातून मरळ घेतली. घरी आलो तर अण्णा दाराकडं डोळे लावून बसलेले.

"लागली व्हती," दादा आधीच बोलला. "हिनं हिसका दिला, तंगूस तुटलं."

 मी ते टोक अण्णांच्या चिमटीत दिलं. त्यांनी डोळे मिटले. अंगठा सरकत सरकत त्या वळणाशी आला आणि थांबला. परत मागं गेला, परत आला. त्यांना कळलं. माझ्या बापाचं तोंड मला वाचता येतं, त्यांना कळलं.

"तुटलं," अण्णा म्हणाले. "तुटलंच हाय."

"अण्णा, उद्या परत जाते. माझी गाठ मारून जाते. आणतेच बघा."

"नको." आणि भिंतीकडं तोंड केलं.

बाजारातल्या मरळीचं कालवण केलं, त्याला त्यांनी बोट लावलं नाही. मी रोज विचारायचे, जाऊ का? रोज नको. पंधरवडाही काढला नाही त्यांनी. तेराव्याच्या पंगतीत दादा पाहुण्यांना सांगत होता, शेवटची इच्छा मरळीची होती हो, पण हिनं हिसका दिला. पाहुणे माझ्याकडं बघत होते, मी वाढत होते.

"सरकली" एवढं एकदा म्हणाले असते, तर दुसऱ्या दिवशी मी त्यांना मरळ खाऊ घातली असती. माझा बाप उपाशी गेला, पण म्हणाला नाही.